जर्मनीत नवीन आलात? आधी पत्रांना उत्तर द्यायला शिका

ऑक्टोबर आला की युनिव्हर्सिटीची नवीन बॅच उतरते आणि दोनतीन आठवड्यांत मला फोन सुरू होतात, दादा काहीतरी पत्र आलंय, सगळं जर्मनमध्ये आहे, काय करू. आधी उघड, हे माझं ठरलेलं उत्तर. हसू नका, मी स्वतः पहिल्या वर्षी पाकिटं तशीच फ्रिजवर रचून ठेवलेली, म्हटलं महत्त्वाचं असेल तर फोन करतील की. इथे कोणी फोन करत नाही, पत्र येतं, मग दुसरं पत्र येतं आणि त्यात दंड लावलेला असतो.

पण पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर पुढचं. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबरच नसतो, रस्ता, घर नंबर, पिनकोड, गाव, संपलं. पोस्टमन डब्यावरचं आडनाव बघून पत्र टाकतो. म्हणून चावी मिळाली त्याच दिवशी डब्यावर आणि बेलवर पासपोर्टवरचं आडनाव लावा, कागदाची पट्टी आणि सेलोटेप चालते. माझं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं ते ह्याच पायी, आणि मी महिनाभर बँकेला शिव्या देत बसलेलो.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे सरकारी ऑफिसात पत्त्याची नोंद, करायचं, त्याला घरमालकाचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही तिथे राहायला आलात असा दाखला, लागतं (हा शब्द एका दमात म्हणता आला की समजा रुळलात). त्यानंतर काही आठवड्यांनी 11 आकडी टॅक्स नंबरचं पत्र येईल. त्याला उत्तर द्यायचं नाही, जपून ठेवायचं, नोकरी लागली की पहिल्यांदा तोच मागतात.

रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र मात्र उत्तर मागतं. दर घरामागे महिना 18.36 युरो, माणसामागे नाही. आमच्याकडे टीव्हीच नाही हो, हे इथे चालत नाही, सगळ्यांनी म्हणून झालंय. तुम्ही शेअरिंगमध्ये राहत असाल आणि एकजण आधीच भरत असेल तर त्याचा वर्गणी नंबर घेऊन कळवा, सुटलात. गप्प बसलात तर ते स्वतःच तुमची नोंद करून टाकतात आणि राहायला आल्यापासूनचे पैसे एकदम मागतात.

आता उत्तर लिहायचं कसं. वर तुमचं नाव पत्ता, खाली त्यांचा, तारीख, मग विषय आणि त्यात त्यांच्या पत्रावरचा आक्टेनत्साइशेन म्हणजे फाइल नंबर, तो नसेल तर तुमचं पत्र कुठल्या टेबलावर जाईल देव जाणे. सुरुवात झेयर गेएर्टे डामेन उंट हेरेन (आदरणीय महोदया आणि महोदय), शेवट मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन (आपल्या कळावे सारखं), मध्ये दोनचार ओळी. आपल्याकडच्या अर्जासारखं कृपावंत होऊन वगैरे नको, घरची परिस्थिती नको, मागितलंय तेवढंच. कागदांच्या झेरॉक्स जोडा, ओरिजिनल कधीच नाही. पेनाने सही करा आणि पाकीट बंद करायच्या आधी सगळ्याचा फोटो काढा. 20 ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला 2025 पासून 95 सेंट लागतात, म्हणजे ए-फोरचे तीनेक कागद. स्टॅम्प नसेल तर पोस्टाच्या अ‍ॅपवर कोड विकत घेऊन पाकिटावर हाताने लिहिला तरी जातं, मला हे कळायला चार वर्षं लागली.

सगळ्यात जपायची गोष्ट फ्रिस्ट, म्हणजे मुदत. पत्रावर बेशाइड असं लिहिलेलं असेल तर तो सरकारी निर्णय आहे, पटला नाही तर साधारण एका महिन्यात विडरश्प्रुख, म्हणजे लेखी हरकत, करायचा, कुठे आणि किती दिवसांत ते शेवटच्या परिच्छेदात असतं. जर्मन येत नसेल तरी तो परिच्छेद फोनच्या कॅमेऱ्याने ट्रान्सलेट करून वाचाच. साधं पत्र पोस्टात पडल्यापासून चौथ्या दिवशी मिळालं असं आता धरतात, पूर्वी तीन दिवस होते. पिवळं पाकीट आलं तर जास्त सावध, पोस्टमनने त्यावर तारीख लिहिलेली असते आणि मुदत तिथूनच मोजतात, तुम्ही गावाला गेला होतात ह्याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, म्हणून ते पाकीट फेकू नका. कारणं लिहायला वेळ नसेल तर आधी एका ओळीत विडरश्प्रुख करतोय, कारणं नंतर पाठवतो एवढंच पाठवा, मुदत वाचते. साध्या ईमेलवर भरवसा ठेवू नका, बऱ्याच ऑफिसांत ती विडरश्प्रुख म्हणून धरत नाहीत.

आणि शेवटच्या दिवशीच जाग आली, आपल्यातल्या निम्म्यांना येते, तर पोस्टात टाकून उपयोग नाही कारण पत्र त्या दिवशी तिथे पोचलेलं लागतं. उठा, ट्राम पकडा, त्या ऑफिसच्या स्वतःच्या डब्यात टाका, बरोबर रूममेटला न्या म्हणजे साक्षीला कोणीतरी राहील, येताना त्याला डोनर कबाब खायला घाला.