कुरसुरा पाणबुडी बघायला जाताय? मग ही तयारी करून जा

सगळ्यात आधी वार बघा, सोमवारी बंद असते. आम्ही अराकू खोरं उरकून नेमके सोमवारी विशाखापट्टणमच्या आरके बीचवर हजर, मग काय, बाहेरूनच फोटो काढून परत.

दुसरं म्हणजे कपडे. साडी, लांब ओढणी, घेरदार काहीही नको. बाहेरून जवळपास ९१ मीटर लांब धूड दिसतं म्हणून आत ऐसपैस असेल असं वाटतं, पण एका भागातून दुसऱ्यात जायला गोल भोकासारखी दारं आहेत, आधी एक पाय टाकायचा, मग डोकं वाकवायचं आणि मग उरलेला देह ओढून घ्यायचा, आणि मागची रांग थांबलेली असते ते वेगळंच. माझ्या काकांना कपाळावर टेंगूळ आलं. पाठीवर मोठी सॅक असेल तर अडकलातच, ती हॉटेलवर ठेवा. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा, आत गेल्यावर "मी इथेच बसते" चालत नाही, बसायला जागाच नाही.

थोडा अभ्यासही करून जा, कारण नौदलातले निवृत्त लोक माहिती सांगतात, छान सांगतात, पण गर्दी असली की भराभर पुढे ढकलतात. एवढं डोक्यात ठेवा: रशियन बनावटीची, १९६९ ला नौदलात आली, २००१ ला निवृत्त, २००२ पासून म्युझियम. टॉर्पेडो (पाण्याखालून जहाजांवर सोडायची अस्त्रं) डागायच्या नळ्या पुढे ६ आणि मागे ४, २२ टॉर्पेडो मावायचे, आणि त्यांच्याच शेजारी माणसं झोपायची! ७१ च्या युद्धात ती अरबी समुद्रात गस्तीवर होती. पाकिस्तानची गाझी पाणबुडी बुडाली ती मात्र इथे विशाखापट्टणमजवळ, दोन्हींची सरमिसळ करू नका, आमच्या ग्रुपमध्ये अर्ध्यांनी केली.

पोरं बरोबर असतील तर कुरसुराच्या बहिणींची, म्हणजे तिच्याच जातीच्या पाणबुड्यांची नावं सांगा, कलवरी, खांदेरी, करंज. खांदेरी म्हणजे आपल्या अलिबागजवळचा जलदुर्गच की.

पाण्याची बाटली, रुमाल हवेतच, विशाखापट्टणमचा घाम मुंबईला लाजवतो. समोर रस्त्यापलीकडे टीयू-१४२ विमानाचं म्युझियम आहे, तेही त्याच संध्याकाळी उरका. आणि सुट्टे पैसे ठेवा, बाहेर पडल्यावर बीचवर मुरी मिक्स्चर मिळतं, आपल्या भेळेची चुलत बहीण, तिखट सांभाळून.