ग्रुपमध्ये एकच सूर लागला असेल तर काय करावं? सुरुवात सोयाबीनच्या भावापासून

२०२१ च्या ऑगस्टच्या सुमारास लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं होतं. नवा माल आला आणि भाव जवळपास निम्म्यावर उतरला. तरी ‘पुन्हा दहा हजार होणार’ हे वाक्य मराठवाड्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतच राहिलं. ज्यांच्या घरात थप्पी लागलेली, तेच ग्रुपमध्ये बोलणारे. भाव चढणार म्हणणारा व्हिडिओ आला की अंगठ्यांची रांग लागायची. पडेल म्हणणारा लगेच ‘व्यापाऱ्याचा माणूस’ ठरायचा आणि चार दिवसांनी गप्प बसायचा. मग उरलेल्यांना वाटतं, सगळ्या जिल्ह्याचं हेच मत आहे. इको चेंबर म्हणतात ते हेच, आणि ते राजकारणापुरतं नाही.

म्हणून सवय लावायची तर ती भावापासून आणि पावसापासून लावा. जातीच्या किंवा पक्षाच्या विषयाला थेट हात घातला की मन बाह्या सरसावून उभं राहतं. भाव-पावसाचा निकाल मात्र काही दिवसांत डोळ्यांसमोर येतो आणि त्यात कुणाचा मानपान अडकलेला नसतो.

पहिलं काम, एक वही घ्या. ग्रुपवर ठाम दावा आला की तारीख टाकून लिहा: कोण म्हणालं, काय होणार म्हणालं, कधीपर्यंत. त्याखाली दुसरी ओळ लिहा: ‘काय दिसलं तर हे चुकीचं ठरेल?’ ही दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञानं १९६० साली लोकांना २, ४, ६ हे आकडे देऊन त्यामागचा नियम ओळखायला सांगितला. दोन-दोन वाढतात असं धरून बहुतेकांनी ८, १०, १२ असेच आकडे विचारून पाहिले आणि दर वेळी ‘बरोबर’ असं उत्तर मिळालं. नियम एवढाच होता की आकडे चढते हवेत. १, २, ३ विचारलं असतं तरी फोड झाली असती, पण आपला अंदाज मोडेल असा प्रश्न सहसा कुणाला सुचत नाही. वही तो प्रश्न विचारायला लावते.

दुसरं, मूळ आकड्यापर्यंत जा. बाजार समितीच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, शेजारी आवक असते. ग्रुपवर फिरतो तो बहुतेक वेळा कमाल दर, आणि तो वाळलेल्या, स्वच्छ, थोड्याच मालाला मिळालेला असतो. सर्वसाधारण दर बघा, राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर तो रोज सापडतो. मग मोंढ्यातली आपली शेवटची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती, काढून शेजारी ठेवा. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रानं खाद्यतेलाचं आयात शुल्क वाढवलं तेव्हा ‘आता भाव उसळणार’ असे व्हिडिओ निघाले. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातला भाव त्या हिवाळ्यात त्याच्या खालीच राहिला. सोयाबीनचा भाव तेलाइतकाच पेंडेवर आणि जगातल्या पिकावर चालतो, आणि ही बाजू त्या व्हिडिओंत नव्हती. पावसाचंही असंच करा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची कृषी हवामान सल्ला पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते. ती आणि तुमचा आवडता यूट्यूबवाला, दोघांचे अंदाज वहीत शेजारी लिहा. महिन्याभरात कुणावर किती विसंबायचं ते कळेल.

तिसरं, एकच गोष्ट पाच ग्रुपवर आली म्हणजे ती पाच जणांनी सांगितली असं धरू नका. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही विधानं लोकांना दोन-दोन आठवड्यांनी पुन्हा ऐकवली. पुन्हा ऐकलेली विधानं, खरी असोत की खोटी, लोकांना जास्त खरी वाटू लागली. मेसेजवर दुहेरी बाण दिसला तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय, एवढाच त्याचा अर्थ. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच निरपराध माणसांना जमावानं ठार केलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. अफवा आधीच घरोघरी पोहोचलेली होती. तेव्हा ‘तुला हे कुठून आलं?’ हा प्रश्न पाठवणाऱ्याला नेहमी विचारा.

फोनचं काम पाच मिनिटांचं आहे. यूट्यूबची हिस्ट्री पुसा, ऑटोप्ले बंद करा, नको त्या व्हिडिओवर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबा. पण सगळा दोष यंत्रावर टाकू नका. फेसबुकच्याच संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलं होतं की विरोधी मताच्या बातम्या कमी दिसण्यात कंपनीच्या गणितापेक्षा माणसाच्या स्वतःच्या निवडीचा वाटा मोठा आहे. कंपनीनं स्वतःच केलेली तपासणी आहे, तेवढी सावधगिरी ठेवून वाचा. तरी बोट कुठं थांबतं हे ज्याचं त्याला माहीत असतं.

आता अवघड विषय. आरक्षणावरून मराठवाड्यात गावागावांत मनं दुरावली आहेत. एका पारावर चहा पिणारी माणसं वेगवेगळ्या हॉटेलात बसायला लागली, याचं मला फार वाईट वाटतं. निजामाच्या काळातल्या हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे मराठा समाजातल्या लोकांना कुणबी प्रमाणपत्र देण्याबद्दलचा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय घ्या. एका बाजूच्या ग्रुपवर ‘सरसकट मिळालं’, दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर ‘आपलं सगळं गेलं’. राज्य शासनाच्या संकेतस्थळावरून मूळ निर्णय उतरवून घ्या आणि पेन्सिल हातात धरून वाचा. त्यात गावपातळीवरच्या समितीची आणि चौकशीची पद्धत दिली आहे. ती वाचल्यावरही तुमचं मत तेच राहील, खुशाल राहू द्या. पण वाद निदान कागदावर काय लिहिलंय त्यावर होईल.

इथं एक चूक टाळा. समोरच्या बाजूच्या सगळ्यात भडक माणसाला फॉलो करू नका. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना महिनाभर विरोधी मतांच्या पोस्ट दाखवल्या. रिपब्लिकन पक्षाचे लोक त्यानंतर आपल्या मताला आणखीच घट्ट धरून बसले. त्यापेक्षा ओळखीचा माणूस गाठा, ज्याच्याशी इरजिक केलंय किंवा ज्याची पोरं तुमच्या पोरांसोबत शिकतात. त्याला म्हणा, ‘दादा, तुमच्या ग्रुपवर याबद्दल काय येतंय, जरा दाखवा बरं.’ आपलाही फोन त्याच्या हातात द्या. त्या बैठकीत कुणाला पटवायला जाऊ नका, फक्त वाचा आणि विचारा. संभाजीनगर, परभणी, नांदेडसारख्या शहरांत उर्दू वर्तमानपत्र वाचणारा मित्र असेल तर त्याच्याकडून पहिल्या पानाचे मथळे वाचून घ्या. आपल्याच गल्लीतली घटना तिथं कशी मांडली आहे, ते कळेल.

राहिला घरचा ग्रुप. काकांनी चुकीचा व्हिडिओ टाकला तर चारचौघांत खोडू नका, अपमान झाला की माणूस चुकीलाच धरून बसतो. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट काढा, गूगल लेन्सवर टाका, जुना असेल तर बहुतेक वेळा सापडतो. मग फोन लावा: ‘काका, तो व्हिडिओ जुना आहे, मी लिंक पाठवतो, तुम्हीच ग्रुपवर टाका.’ दुरुस्ती त्यांच्या नावानं जाऊ द्या. आणि तुम्ही ॲडमिन असाल तर एकच नियम लावा: तारीख आणि ठिकाण माहीत नसलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा नाही.