हायड्रॉक्सीअपेटाइट करताय? आधी कॅल्शियम मोजा

कॅल्शियम फॉस्फेटवर काम सुरू करणारे विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतात, "सिंटरिंग किती तापमानाला करायचं?" सिंटरिंग म्हणजे दाबलेली पावडर भट्टीत भाजून घट्ट करणं. मी उलट विचारते, तुझं कॅल्शियम-फॉस्फरस अणूंचं गुणोत्तर किती? हायड्रॉक्सीअपेटाइटमध्ये (हाडांतल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट) ते १.६७ असतं, ट्रायकॅल्शियम फॉस्फेटमध्ये (टीसीपी) १.५. भट्टीतून काय बाहेर पडणार, हे इथेच ठरतं.

आमच्याकडची नेहमीची पद्धत म्हणजे कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणात डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट थेंबथेंब सोडायचं आणि अमोनियाने पीएच १०च्या वर राखायचा. गोम कॅल्शियम नायट्रेटमध्ये आहे. ते हवेतलं पाणी ओढतं. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात बाटली नीट बंद नसली की क्षार ओलसर होतो, वजनात पाणीही मोजलं जातं आणि कॅल्शियम कमी पडतं. म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका. द्रावणातलं कॅल्शियम ईडीटीएच्या (कॅल्शियमला धरून ठेवणारं रसायन) टायट्रेशनने तपासा.

अवक्षेप रात्रभर मुरू द्या. तो चिकट असतो, फिल्टर पेपर तुंबतो. सेंट्रिफ्यूज मिळालं तर उत्तम. धुताना कंटाळू नका, कारण मागे राहिलेलं अमोनियम नायट्रेट तापवणं धोक्याचं. शेवटचं धुणं इथेनॉलने केलं तर ढेकळं कमी कडक होतात.

वाळलेल्या पावडरीचा एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तनाचा आलेख) चांगला आला म्हणून लगेच चकत्या दाबायला घेऊ नका. कॅल्शियम कमी असलेलं अपेटाइटही तिथे हायड्रॉक्सीअपेटाइटसारखंच दिसतं. थोडी पावडर १००० अंश सेल्सियसला तापवून पुन्हा एक्सआरडी काढा. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर ३१ अंशांच्या कोनाजवळ (२θ) शिखर दिसलं तर बीटा-टीसीपी (टीसीपीचं कमी तापमानाचं स्फटिकरूप) आहे, म्हणजे कॅल्शियम कमी पडलं. ३७.४ जवळ दिसलं तर कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे ते जास्त झालं. हे दुसरं मला अधिक वाईट वाटतं: ऑक्साइड हवेतला ओलावा घेऊन फुगतो आणि भाजलेली चकती कपाटात ठेवल्या ठेवल्या तडकते.

गुणोत्तर जमलं की पुढचं सोपं. पीव्हीए (पावडर बांधून ठेवणारं पॉलिमर) घातलं असेल तर ६०० अंशांपर्यंत मिनिटाला एक-दोन अंशांनीच चढा. मग १२०० अंशांवर दोन तास. १३००च्या पुढे हायड्रॉक्सीअपेटाइटचं विघटन होऊ लागतं, तिकडे जाऊ नका. टीसीपीच हवं असेल तर ११००च्या आत राहा. साधारण ११२५ला बीटाचं अल्फा (जास्त तापमानाचं रूप) होतं, आकारमान वाढतं आणि तडे जातात. शेवटी आर्किमिडीज पद्धतीने घनता काढून हायड्रॉक्सीअपेटाइटच्या ३.१६ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटरशी ताडून पाहा.