एमडीएफचं बाहुलीघर करताय? या चुका टाळा

डुगडुगणारं बाहुलीघर कुणी दाखवायला आणलं की मी रंग, खिडक्या, छप्पर काही बघत नाही. आधी कोपरे बघतो. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो: फळीच्या कडेत थेट घुसवलेला स्क्रू.

एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये, म्हणजे एका चिकट रसायनात मिसळून, उष्णता आणि दाब देऊन केलेली फळी. तिचे वरचे-खालचे थर घट्ट असतात, मधला गाभा मात्र मऊ. सपाट बाजूनं घातलेला स्क्रू बरा धरतो. कडेतून घातला की फळी वहीच्या पानांसारखी उकलते.

ओळखीतल्या एका बाबांनी लेकीच्या वाढदिवसासाठी दुमजली घर केलं होतं. ९ मिमीची फळी, लाकडाचे जाड स्क्रू, आधी भोक न पाडता सरळ आत. कोपऱ्यांना गेलेल्या भेगा त्यांनी लांबी (पुट्टी) भरून, वर गुलाबी रंग मारून झाकल्या. पावसाळ्यात त्या भेगांतून दमट हवा आत गेली आणि कडा फुगल्या. एके दिवशी पोरगी वरच्या मजल्यावर हात टेकून उभी राहिली आणि भिंत सुटून आली. स्क्रूचं टोक तिच्या मनगटाजवळ होतं. तिला लागलं नाही, पण तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. ते घर दुरुस्त होण्यासारखं नव्हतं, भिंती नव्यानं कापाव्या लागल्या.

१२ मिमीपेक्षा पातळ फळीच्या कडेत मी स्क्रू घालतच नाही. फेविकॉल लावतो आणि कोपऱ्यात आतून लाकडाची चौकोनी पट्टी चिकटवतो. १२ किंवा १८ मिमीची फळी असेल तर साडेतीन मिमीच्या स्क्रूसाठी आधी अडीच मिमीचं भोक पाडतो, स्क्रूच्या लांबीपेक्षा जरा खोल आणि फळीच्या टोकापासून ५ सेंमी तरी आत. स्क्रू पिळताना कडेवर दोन्ही बाजूंनी शिकंजा (क्लॅम्प) हवाच.

कापलेली कड फेविकॉल पिऊन टाकते. म्हणून एक पातळ हात, पाचेक मिनिटं थांबून दुसरा, मग गुण्यानं काटकोन तपासून रात्रभर शिकंज्यात. तासाभरात शिकंजे काढून ‘बसलं की’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. यावर लहान मूल भार टाकणार आहे.

दुसरी नेहमीची चूक मापाची. घराची बाहेरची रुंदी ६०० मिमी ठरली की लोक मधल्या मजल्याची फळीही ६०० मिमी कापतात. मजला दोन भिंतींच्या मधे बसणार असेल आणि भिंती १२ मिमीच्या असतील, तर तो ५७६ मिमी हवा. त्यातही १२ मिमी म्हणून घेतलेली फळी थोडी कमी भरू शकते, तेव्हा जाडी कॅलिपरनं मोजा. करवतीचं पातं दोन-तीन मिमी खातं, म्हणून सगळ्या रेषा एकदम आखू नका. एक काप, मग पुढची आखणी. समोरासमोरच्या भिंती मी टेपनं एकत्र बांधूनच कापतो. प्लायवूडच्या दुकानात मापानं कापून देत असतील तर लांब काप तिथेच करून घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

जिगसॉचं, म्हणजे वर-खाली चालणाऱ्या विजेच्या करवतीचं, साधं पातं वरच्या दिशेनं कापतं, म्हणून चांगली बाजू खाली ठेवा. खिडकीसाठी आधी कोपऱ्यांत भोकं पाडा.

एमडीएफची धूळ फार बारीक असते आणि त्यात रेझिनही असतं. एन-९५ मास्क लावा, काम गॅलरीत करा, मुलांना जवळ फिरकू देऊ नका. फळी घेतानाच ई-१ किंवा ई-० दर्जाची मागा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू कमी सुटतो.

रंगाआधी कडांना पाणी घातलेला फेविकॉल लावून वाळवा, २२० नंबरचा पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर. नाहीतर कितीही हात द्या, कड खरखरीतच राहील.

आणि तळाला रबरी बूट लावा. लादी पुसताना साचलेलं पाणी तळाच्या कडेतूनच वर चढतं.