ड्रोनच्या पंख्यांचा वारा: पावसाळी फवारणी आणि हवेच्या नोंदींसाठी सल्ला

पावसाने उघडीप दिली की कोरड्या दिवसांत फवारणी उरकण्याची घाई असते आणि चिखलात ट्रॅक्टर घालण्यापेक्षा ड्रोन सोयीचा ठरतो. अशा वेळी नोझल आणि औषधाची मात्रा काळजीपूर्वक ठरवली जाते. पण ड्रोनला हवेत तोलून धरणारा पंख्यांचा खालच्या दिशेचा झोत मात्र गृहीत धरला जातो. थेंब कुठे पडणार, हे बऱ्याच अंशी हा झोतच ठरवतो.

झोताचा जोर ड्रोनच्या एकूण वजनावर आणि पंख्यांच्या एकूण क्षेत्रफळावर अवलंबून असतो. भरल्या टाकीसह 25 किलो वजनाचा आणि सुमारे 76 सेंटिमीटर व्यासाचे चार पंखे असलेला ड्रोन एका जागी स्थिर असेल, तर पंख्यांच्या पातळीवर हवेचा वेग हिशेबाने सेकंदाला साधारण 7.5 मीटर येतो. 10 लिटर द्रावण संपून वजन 15 किलोवर आले की तोच वेग 6 मीटरच्या खाली उतरतो. त्यामुळे टाकी भरलेली असताना फवारलेल्या ओळींना जो झोत मिळतो, तो टाकी संपत आलेल्या ओळींना मिळत नाही. ज्या किडी पानांच्या खालच्या बाजूला किंवा बुंध्याजवळ राहतात, त्यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा असल्याने तपासणी दोन्ही प्रकारच्या ओळींत करावी.

पिकाच्या शेंड्यापासून 2 ते 3 मीटर उंची आणि सेकंदाला 3 ते 4 मीटर वेग येथून सुरुवात करावी. ड्रोन फार खाली आणला, तर झोत पिकावर आदळून आडवा पसरतो, थेंब बाजूला फेकले जातात आणि ओंबीत आलेले उंच पीक लोळण्याचा धोका असतो. उंची वाढवली, तर झोत वाटेतच विरतो. वेग वाढवला, तर तो मागे कलतो आणि पंख्यांच्या टोकांशी तयार होणारे भोवरे बारीक थेंब वर उचलून दूर नेतात. लवकर काम संपवण्याच्या नादात सर्वाधिक औषध असेच वाया जाते. 150 मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान थेंब सहज भरकटत असल्याने, लेबलवर हरकत नसेल तेथे जाड थेंबांचे नोझल निवडावे.

उड्डाणाच्या वेळी पिकाकडे नीट पाहावे: पाने हलून त्यांची फिकट पाठ दिसली पाहिजे, पण ताटे आडवी होता कामा नयेत. पहिल्या फेरीत साधे पाणी भरून, पाण्याचा थेंब पडताच पिवळ्याचे निळे होणारे चाचणी कागद शेंड्यावर, मध्यावर, बुडाशी आणि वाऱ्याच्या दिशेने फवारणीच्या पट्ट्याच्या बाहेरही लावावेत. बुडाचे कागद पिवळेच राहिले आणि बाहेरचे निळे झाले, तर औषध भरण्याआधी वेग व उंची बदलावी. वारा सेकंदाला 3 मीटरपेक्षा जास्त असल्यास फवारणी थांबवावी. अगदी निवांत पहाटेही ती टाळावी, कारण जमिनीलगतच्या गार हवेवर उबदार हवेचा थर बसलेला असताना बारीक थेंब खाली न बसता आडवे वाहत जातात.

तापमान, आर्द्रता किंवा वायूंचे प्रमाण मोजताना हाच झोत नोंदी बिघडवतो. पंख्यांखाली बसवलेला संवेदक (सेन्सर) पिकातली हवा मोजत नाही. वरून ओढलेली, ढवळलेली हवा मोजतो. पहाटे पिकालगत घिरट्या घालणारा ड्रोन वरची उबदार हवा खाली आणून तापमान खरे असते त्यापेक्षा जास्त दाखवू शकतो. म्हणून संवेदक किंवा हवा आत घेणारी नळी पंख्यांच्या कक्षेबाहेर, पुढे काढलेल्या दांडीवर ठेवावी आणि वाऱ्याला सामोरे जात उडावे. संवेदकाचा आकडा स्थिरावायला वेळ लागतो, त्यामुळे वेग त्या बेताने कमी ठेवावा. पिकाच्या दाटीतील आर्द्रता हवी असेल, तर खांबावर स्थिर उपकरण लावणेच योग्य. तेथे ड्रोनचा हट्ट धरू नये. एकाच दिवशी दोन्ही कामे करायची असतील, तर मोजणी आधी आणि फवारणी नंतर ठेवावी, कारण फवारणीने ओली झालेली पाने बाष्प सोडत राहतात आणि त्या काळातली आर्द्रतेची नोंद रोगाच्या अंदाजासाठी वापरता येत नाही.