एग फ्रीझिंग करणाऱ्या खेळाडू मुलींनो, या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी एक कुस्तीपटू मुलगी गुडघ्यासाठी माझ्याकडे फिजिओला यायची. वय 29. एकदा टेपिंग चालू असताना तिनं पिशवीतून चिठ्ठी काढली आणि विचारलं, "ताई, या गोळ्या दुधासोबत घेतल्या तर चालतील ना?" दुसऱ्याच ओळीत डीएचईए (एक संप्रेरक) 25 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. खाली लेट्रोझोल, म्हणजे इस्ट्रोजेन कमी करणारं औषध. एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी) कमी आला म्हणून तिनं पुढे कधी मूल व्हावं यासाठी बीजं गोठवायचं, म्हणजे एग फ्रीझिंगचं, ठरवलं होतं, आणि त्या उपचारात ही औषधं बऱ्याचदा दिली जातात. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तिनं 'सरकारी नोकरी' लिहिलं होतं, जी क्रीडा कोट्यातून मिळालेली. ती मॅटवर उतरते हे डॉक्टरांना कळणार कुठून?

ही दोन्ही औषधं वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, बंदी यादीत आहेत. महिलांनाही बंदी, आणि स्पर्धा असो वा नसो, बारा महिने. बीजं वाढवायला दिलं जाणारं क्लोमिफीन, टेस्टोस्टेरॉन जेल, ग्रोथ हार्मोन यांचंही तेच. पीसीओएस या अंडाशयांच्या संप्रेरक-विकारासाठी दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोनसुद्धा यादीत आहे, कारण ते लघवी वाढवणारं औषध. डोप चाचणीत सापडल्यावर 'डॉक्टरांनी दिलं होतं' हे उत्तर पुरत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची. उलट बीजं पक्व होण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एचसीजीच्या इंजेक्शनचं नाव ऐकून मुली उगाच घाबरतात. ते पुरुषांना बंद आहे, महिलांना नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत सांगा: मी खेळाडू आहे, माझी डोप चाचणी होते. लेट्रोझोल किंवा डीएचईएशिवाय उपचार आखता येतील का, हे तिथंच विचारा. बऱ्याचदा येतात. नाहीच आले तर नाडाकडे (देशातली उत्तेजकविरोधी संस्था) टीयूईचा, म्हणजे उपचारासाठी बंदी असलेलं औषध घेण्याच्या परवानगीचा, अर्ज, तोही पहिली गोळी घेण्याआधी. आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळत असाल तर आपल्या आंतरराष्ट्रीय महासंघाकडे. पण चालण्यासारखं दुसरं औषध उपलब्ध असेल तर टीयूई मिळणं अवघड असतं, त्यामुळे अर्जाच्या भरवशावर उपचार सुरू करू नका. यादी दरवर्षी 1 जानेवारीला बदलते. मागच्या वर्षी मैत्रिणीला जे चाललं ते यंदा तुम्हाला चालेलच असं नाही.

सलाइनचंही लक्षात ठेवा. बारा तासांत 100 मिलिलीटरपेक्षा जास्त सलाइन शिरेतून घेणं नियमात बसत नाही. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया किंवा तपासणीचा भाग असेल तरच सूट. अशक्तपणा वाटला म्हणून घरी बाटली लावून घेऊ नका.

"इंजेक्शनं चालू आहेत, पण सराव बुडवला नाही"

हे वाक्य अभिमानानं सांगितलं जातं आणि मला त्याचीच धास्ती वाटते. बीजं वाढवणारी इंजेक्शनं साधारण दहा-बारा दिवस चालतात. एरवी एखाद्या बदामापेक्षा थोडं मोठं असणारं अंडाशय त्या काळात लिंबाएवढं, कधी संत्र्याएवढं होतं. असं जड अंडाशय उडी, स्प्रिंट किंवा डाव टाकताना स्वतःभोवती फिरून पीळ घेऊ शकतं. मग त्याचा रक्तपुरवठा तुटतो. एका बाजूला अचानक असह्य दुखलं आणि उलटी आली तर सकाळची वाट पाहू नका, तडक रुग्णालय गाठा.

तेवढे दिवस चालणं पुरे. बीजं काढल्यावरही लगेच धावायला लागू नका. पुढची पाळी येऊन गेली आणि सोनोग्राफीत अंडाशयं पूर्ववत दिसली, की मग डॉक्टरांना विचारून जोर वाढवा.

कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंगच्या मुलींना आणखी एक सांगणं. या काळात पोट फुगतं, काटा वर जातो. ते पाणी आहे, चरबी नाही. ते उतरवायला सॉना घेणं, पाणी तोडणं हा या दिवसांतला सगळ्यात घातक उद्योग: संप्रेरकं वाढलेली असताना शरीर कोरडं पडलं की रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. वजन देण्याची तारीख जवळ असेल तर उपचार पुढे ढकला. आजकाल पाळीच्या कुठल्याही दिवसापासून उपचार सुरू करता येतात, त्यामुळे हंगामाबाहेरचे मोकळे आठवडे शोधणं तितकं कठीण नाही.

पाळी बंद आहे, त्याचं काय

काही मैदानांवर अजून ऐकू येतं की पाळी गेली म्हणजे सराव लागू पडतोय. हे साफ चूक आहे. सरावाच्या मानानं खाणं कमी पडलं की मेंदू अंडाशयांना दिलेला निरोपच थांबवतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं 2014 मध्ये याला रेड-एस, म्हणजे खेळात शरीराला पडणारी ऊर्जेची तूट, हे नाव दिलं. यात हाडंही झिजतात. सलग तीन महिने पाळी आली नाही तर आधी त्याचा उलगडा करा, फ्रीझिंगचं मग बघू. गर्भनिरोधक गोळ्यांवर येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी सुरळीत झाली असं नव्हे. उलट त्या गोळ्या चालू असताना एएमएच खरा असतो त्याहून थोडा कमी दिसू शकतो.

एएमएचवरून बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, त्यांचा दर्जा कळत नाही. आकडा कमी आला म्हणून मूल होणारच नाही, असं त्यातून ठरत नाही. दर्जा ठरतो मुख्यतः वयावर. म्हणून पस्तिशीच्या आत गोठवलेल्या बीजांना जास्त अर्थ.

आणि ती उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवली म्हणजे बाळ राखून ठेवलं, असंही समजू नका. वितळवताना काही जातात, फलनात काही, गर्भ वाढताना आणखी काही. गोठवणं हा एक पर्याय आहे, खात्री नव्हे. मेरी कोमला 2007 मध्ये जुळी मुलं झाली आणि 2008 मध्ये तिनं जागतिक सुवर्ण जिंकलं. तोही एक रस्ता आहे, आणि प्रशिक्षकांसमोर तो मोकळेपणानं बोलला गेला पाहिजे.

बाहेर याची दखल घेतली जाऊ लागली आहे. अमेरिकेतल्या महिला बास्केटबॉल लीगच्या, डब्ल्यूएनबीएच्या, 2020 च्या करारात ज्येष्ठ खेळाडूंना अशा खर्चासाठी 60,000 डॉलरपर्यंत परतफेडीची तरतूद झाली. 2025 मध्ये महिला टेनिसच्या डब्ल्यूटीए या संघटनेनं बीजं गोठवण्यासाठी थांबणाऱ्या टेनिसपटूंचं मानांकन जपण्याचा नियम आणला.

डोप चाचणी पूलमध्ये, म्हणजे कुठे असणार हे आधी कळवावं लागणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, असाल तर बीजं काढण्याच्या दिवसाचा कळवलेला ठावठिकाणा आदल्या रात्रीच बदला. भूल उतरत असताना घरी तपासनीस येऊन गेले तर ती चुकलेली चाचणी धरली जाऊ शकते. केंद्र 2021 च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदलेलं आहे ना, साठवणुकीचं वार्षिक शुल्क किती, हेही लेखी घ्या.

त्या मुलीनं गोळ्या सुरू केल्या नव्हत्या. आम्ही तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोन्ही औषधं वगळून नवीन चिठ्ठी लिहिली आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं 'कुस्तीपटू' असं लिहून ठेवलं.