डिजिटल वॉकी-टॉकीचे प्रोग्रामिंग : या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रॉनिक्समध्ये आयटीआय किंवा डिप्लोमा केलेली मुले आमच्याकडे काम शिकायला येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘सॉफ्टवेअर कुठे मिळेल’ हाच असतो. गोव्यात हॉटेले, कारखाने आणि समारंभांसाठी वॉकी-टॉकी बसवण्याचे काम करताना माझे मत असे झाले आहे की सॉफ्टवेअर हा या व्यवसायातील सर्वांत सोपा भाग आहे. मोटोरोला, हायटेरा, केनवूड, आयकॉम या प्रत्येक कंपनीचा प्रोग्राम वेगळा, मेनू वेगळे आणि केबलही वेगळी. परंतु त्यातील रकान्यांत भरलेली माहिती प्रत्यक्ष हवेत काय घडवते हे एकदा समजले की कंपनी बदलली तरी हात लवकर बसतो.

सेटमध्ये साठवलेल्या सर्व चॅनेलांच्या आणि सेटिंगांच्या संचाला कोडप्लग म्हणतात. संगणकावरून तो ‘रीड’ करायचा, बदलायचा आणि पुन्हा ‘राइट’ करायचा, एवढेच सॉफ्टवेअरचे काम. आपल्याकडे सर्वाधिक गाठ पडते ती डीएमआर, म्हणजे डिजिटल मोबाइल रेडिओ, या मानकाशी. ‘एत्सी’ या युरोपीय संस्थेने ते २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर प्रत्येकी ३० मिलिसेकंदांचे दोन टाइमस्लॉट, म्हणजे वेळेचे तुकडे, आळीपाळीने चालतात आणि त्यामुळे एका रिपीटरवरून, म्हणजे एका सेटचा संदेश घेऊन तो पुढे लांबवर पोहोचवणाऱ्या यंत्रावरून, एकाच वेळी दोन स्वतंत्र संभाषणे होऊ शकतात. केनवूड आणि आयकॉमचे एनएक्सडीएन हे मानक निराळे आहे. ‘दोन्ही डिजिटलच ना’ असे म्हणून ग्राहकाने दोन प्रकारचे सेट आणून ठेवले, तर ते एकमेकांशी डिजिटलवर कधीच बोलणार नाहीत, हे त्याला खरेदीपूर्वीच सांगावे.

लॅपटॉप उघडण्याआधी कागद घ्यावा. सासष्टीच्या किनाऱ्यावरील एखादे मोठे हॉटेल घेतले तर तिथे सुरक्षा, हाउसकीपिंग, बँक्वेट, मेंटेनन्स आणि फ्रंट ऑफिस असे पाच विभाग सहज असतात. कोणी कोणाशी बोलायचे आणि कोणाचे बोलणे कोणाच्या कानावर पडू नये, हे त्या त्या विभागप्रमुखाला विचारून लिहून काढावे. केवळ जनरल मॅनेजरला विचारू नये, कारण त्यांना सगळ्यांचे सगळे ऐकायचे असते आणि दोन दिवसांत तो कलकलाट असह्य होऊन त्यांनी सेट बंद करून ठेवलेला असतो. या यादीवरून टॉकग्रुप, म्हणजे आपापसांत बोलणाऱ्या सेटांचे गट, ठरतात. नवशिक्याला वाटते की पाच टॉकग्रुप केले म्हणजे पाच वाटा तयार झाल्या. प्रत्यक्षात रिपीटर एकच असेल तर वाटा दोनच. एका स्लॉटवर तीन विभाग ठेवले की त्यांतील एक बोलत असताना उरलेल्या दोघांना काहीही ऐकू येत नाही, पण त्यांनी बटण दाबले तर नकाराचा टोन वाजतो, आणि लगेच ‘सेट बिघडला’ असा फोन येतो. म्हणून सकाळी खोल्या रिकाम्या होण्याच्या वेळी अखंड बोलणारे हाउसकीपिंग आणि क्वचितच, पण तातडीने बोलणारी सुरक्षा यांना मी एका स्लॉटवर कधीच बसवत नाही. बोलण्याची कमाल मुदत साधारण ६० सेकंदांवर ठेवावी. बटण खुर्चीखाली दाबले जाऊन अख्खा स्लॉट अडकून पडण्याचे प्रकार आपण समजतो त्यापेक्षा बरेच जास्त होतात.

आता प्रत्यक्ष जोडणीविषयी. सेट ‘रीड’ होत नाही म्हटल्यावर नवी मुले ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसतात. स्वस्त केबलमधील नकली चिपमुळे ड्रायव्हरची अडचण येते हे खरे, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये केबलचा कॉम पोर्ट (संगणकाने तिला दिलेला जोडणी क्रमांक) दिसतो की नाही हे आधी पाहायलाच हवे. तरीही गोव्यात माझी नजर प्रथम सेटच्या कडेला असलेल्या जोडणीच्या पिनांकडे जाते. तिथले रबराचे झाकण हरवलेले असते, खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे पिनांवर हिरवट थर चढलेला असतो आणि केबल वरवर घट्ट बसूनही माहिती मध्येच तुटते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ ब्रश हलक्या हाताने फिरवावा, पिना पूर्ण सुकू द्याव्यात आणि मगच केबल लावावी. सेट वाचला गेला की काहीही बदलण्याआधी ती फाइल तारीख आणि सीरियल नंबर घालून जशीच्या तशी जतन करावी. एका सेटचा कोडप्लग दुसऱ्यात उतरवताना रेडिओ आयडी, म्हणजे त्या सेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, तपासावा, कारण काही प्रोग्राम तोही सोबत नेतात. एकाच आयडीचे दोन सेट झाले की खासगी कॉलचा गोंधळ उडतो आणि इमर्जन्सी बटण नेमके कोणी दाबले हे कंट्रोल रूमला कळत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारी तक्रार म्हणजे सेटवरचा संदेश येत असल्याचा दिवा लागतो पण आवाज येत नाही. याचा अर्थ लहरी पोहोचत आहेत, म्हणजे अँटेना किंवा अंतराचा प्रश्न बहुधा नाही. मग क्रमाने कलर कोड पाहावा, जो आपला रिपीटर किंवा सेट ओळखण्याचा आकडा असून ० ते १५ पैकी एक असतो आणि दोन्हीकडे सारखाच लागतो, नंतर टाइमस्लॉट, आणि शेवटी तो टॉकग्रुप ऐकणाऱ्याच्या रिसीव्ह ग्रुप लिस्टमध्ये, म्हणजे त्याचा सेट कोणते गट ऐकवील त्या यादीत, घातला आहे का. बहुतेक वेळा उत्तर या शेवटच्या ठिकाणी सापडते. याउलट आवाज तुटत असेल तर जागा पाहावी. ॲनालॉग सेटवर खरखर वाढत जाऊन अंतर संपत आल्याची सूचना मिळते; डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकाएकी तुटतो. मांडवीतील जहाजांच्या खालच्या डेकवर, हॉटेलांच्या तळघरातील लाँड्रीत किंवा जांभ्याच्या डोंगराआडच्या वाड्यांत हे हमखास अनुभवास येते, आणि तिथे सॉफ्टवेअरमध्ये कितीही खटपट केली तरी उपयोग होत नाही.

परवान्याच्या बाबतीत मी कडक आहे. सॉफ्टवेअर फ्रिक्वेन्सी स्वीकारते याचा अर्थ ती वापरण्याची मुभा आहे असा होत नाही. ती मुभा दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून, म्हणजे डब्ल्यूपीसीकडून मिळते आणि ग्राहकाच्या परवान्यावर जे आकडे असतील तेच भरायचे असतात. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात ठरवून दिलेल्या कमी शक्तीचे सेट परवान्याशिवाय वापरता येतात, मात्र सेटला उपकरणमान्यता असावी लागते. मालीम जेटीवरचा एखादा ट्रॉलरमालक साध्या वॉकी-टॉकीत समुद्री चॅनेल घालून मागतो, तेव्हा मी नकार देतो. सोळा नंबरचा चॅनेल, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, हा संकटाच्या हाकेसाठी राखलेला आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त मरीन व्हीएचएफ सेटच घ्यावा.

शिकायचे कसे, हा प्रश्न उरतो. व्यावसायिक सेटचे सॉफ्टवेअर अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावे. इंटरनेटवरील फुकट प्रतींबरोबर व्हायरस येतात आणि अनोळखी आवृत्तीने केलेली फाइल पुढे दुसरीकडे उघडत नाही. घरी सराव करायचा असेल तर हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओचालकाच्या परवान्याची, परीक्षा द्यावी, असे मी आवर्जून सांगतो. परवाना मिळाला की ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात स्वतःचे प्रयोग करता येतात. ‘चर्प’ हे मोफत सॉफ्टवेअर प्रामुख्याने ॲनालॉग सेटसाठी आहे, तर काही डीएमआर सेटांवर ‘क्यूडीएमआर’ चालते. दोन सेट समोर ठेवून, एकावरचा एकच रकाना बदलून दुसऱ्यावर काय होते ते वहीत लिहीत गेलेला मुलगा लवकर तयार होतो. नुसते प्रमाणपत्र घेऊन आलेल्यापेक्षा अशा मुलाला मी आधी कामावर घेईन.

कामाचा जोर नोव्हेंबरपासून असतो. इफ्फी हा चित्रपट महोत्सव, लग्नसराई, वर्षअखेरचे समारंभ आणि पुढे कार्निव्हल, शिमगोत्सव, अशी भाड्याच्या सेटांना उसंत नसते आणि प्रत्येक आयोजकासाठी ते नव्याने प्रोग्राम करावे लागतात. या काळात फर्मवेअर, म्हणजे सेट चालवणारा आतला मूळ प्रोग्राम, बदलण्याच्या भानगडीत पडू नये. ते काम पावसाळ्यात, पूर्ण चार्ज केलेली बॅटरी लावून आणि वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून लॅपटॉपवरच करावे. काम सोपवताना ग्राहकाला सीरियल नंबर, रेडिओ आयडी, विभाग आणि चॅनेलनिहाय टॉकग्रुप यांचा छापील तक्ता द्यावा, त्याची सही घ्यावी आणि कोडप्लगला पासवर्ड लावला असेल तर तो बंद लिफाफ्यात त्याच्याच स्वाधीन करावा, कारण सेट त्याच्या मालकीचे आहेत.